दरवाजे-खिडक्यांचा ब्लॉक एकदाच, पण नीट : नवख्या ड्राफ्ट्समनसाठी मार्गदर्शक

आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिलचा अभ्यासक्रम, पॉलिटेक्निकची पदविका किंवा वास्तुकलेची पदवी पूर्ण करून जे नागपुरातल्या धरमपेठ, रामदासपेठ किंवा सीताबर्डी भागातल्या कार्यालयांत रुजू होतात, त्यांच्या वाट्याला पहिले काम बहुधा प्लॅनमध्ये दरवाजे-खिडक्या बसवण्याचे येते. सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये तेव्हा ‘दार ९०० डावे’, ‘दार ९०० उजवे नवीन’, ‘दार ९०० फायनल’ अशा नावांचे ढीगभर ब्लॉक, म्हणजे एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायच्या आकृत्या, सापडतात, आणि त्यांपैकी कोणत्याही दोन ब्लॉकमध्ये ९०० या आकड्याचा अर्थ एकच असेल याची खात्री नसते. हा सगळा ढीग दोन-तीन डायनॅमिक ब्लॉकमध्ये, म्हणजे रेखाटनात घातल्यावरही माप, दिशा आणि प्रकार बदलता येणाऱ्या ब्लॉकमध्ये, मावतो. ऑटोकॅड या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २००६ च्या आवृत्तीपासून आहे. तरीही अनेक ठिकाणी आजही प्रत्येक मापासाठी वेगळा ब्लॉक ठेवला जातो. ते ब्लॉक कसे बांधायचे आणि बांधताना नवखे कुठे अडकतात, ते पुढे क्रमाने दिले आहे.

कामाला बसण्यापूर्वी हे जवळ असू द्यावे :

- ऑटोकॅडची परवानाधारक प्रत. शिकताना मिळालेला विद्यार्थी परवाना कार्यालयाच्या व्यावसायिक कामासाठी वापरता येत नाही.
- कार्यालयातल्या चालू कामांपैकी एकाचे दरवाजे-खिडक्यांचे शेड्यूल (क्रमांक, मापे आणि साहित्य यांचा तक्ता), आणि शक्य असल्यास त्याच कामावरच्या सुताराने लिहून दिलेली चौकटीची मापे.
- कार्यालयाची टेम्प्लेट फाइल आणि लेयरांची यादी.
- मोजपट्टी. कार्यालयाच्याच दाराची चौकट, खाच आणि पल्ला एकदा स्वतः मोजल्याशिवाय पुढच्या पहिल्या पायरीतला हिशेब अंगवळणी पडत नाही.

१. आकडा कशाचा, ते आधी ठरवा

दाराला तीन रुंद्या असतात : बांधकामातल्या ओपनिंगची, पल्ल्याची आणि माणूस आत जातो त्या मोकळ्या वाटेची. समजा ओपनिंग १००० मि.मी. आहे, चौकट १०० × ६५ मि.मी. छेदाची आहे, तिची ६५ ची बाजू समोरून दिसते आणि पल्ला बसण्यासाठी तिला १५ मि.मी.ची खाच आहे. दोन्ही बाजूंचे ६५ वजा करून दोन्ही खाचांचे १५ मिळवले की पल्ला ९०० चा होतो, आणि चौकटीच्या आतल्या कडांमधली वाट ८७० उरते. सुतार ‘नऊशेचं दार’ म्हणतो तेव्हा तो पल्ल्याविषयी बोलत असतो. गवंडी ‘नऊशेचं ओपनिंग’ म्हणतो तेव्हा तो भिंतीत सोडायच्या जागेविषयी बोलत असतो. प्लॅनवर नुसते ९०० लिहिलेले असेल आणि गवंड्याने त्याच मापाची जागा सोडली, तर याच हिशेबाने पल्ला ८०० चा आणि वाट ७७० ची होते. सार्वजनिक इमारतीत व्हीलचेअरसाठी ९०० मि.मी. मोकळी वाट लागते. ती मिळवायची असेल तर या चौकटीला किमान १०३० चे, म्हणजे व्यवहारात १०५० चे ओपनिंग हवे.

माझा आग्रह असा की ब्लॉकचा आकडा नेहमी ओपनिंगचाच असावा. चौकट, पल्ला, कमान (पल्ला फिरण्याची वर्तुळाकार रेघ) या बाकीच्या सगळ्या गोष्टी त्या एका आकड्यावरून हलल्या पाहिजेत. भारतीय मानकांतही दाराचे नामकरण ओपनिंगवरूनच होते : ‘१० डीएस २१’ म्हणजे १०० मि.मी.च्या मॉड्यूलने दहा मॉड्यूल रुंद, एकपाखी, एकवीस मॉड्यूल उंच असे दार. लाकडी चौकटींचे मानक आयएस ४०२१ आणि लाकडी फ्लश पल्ल्यांचे आयएस २२०२; ही दोन्ही एकदा चाळून ठेवावीत.

२. एकके आणि लेयर

मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये, कार्यकारी रेखाचित्र मिलिमीटरमध्ये आणि साइटवरचे बोलणे फूट-इंचात, अशी आपल्याकडची रीत आहे. ब्लॉक मिलिमीटरमध्येच बांधावा आणि बांधण्यापूर्वी ‘युनिट्स’ कमांडमध्ये इन्सर्शन स्केल मिलिमीटर आहे याची खात्री करून घ्यावी. ज्या फाइलमध्ये रेखाटन मिलिमीटरचे पण सेटिंग इंचाचे राहिलेले असते, तिथे ब्लॉक २५.४ पट लहान होऊन येतो आणि पडद्यावर नुसता ठिपका दिसतो. अशा वेळी ब्लॉक स्केल करून मोठा करू नये; सेटिंग दुरुस्त करून तो पुन्हा घालावा.

चौकट आणि पल्ला शून्य क्रमांकाच्या लेयरवर, रंग ‘बाय लेयर’ ठेवून काढावा, म्हणजे ज्या लेयरवर ब्लॉक घालाल त्या लेयरचे गुण त्याला लागतात. पल्ला फिरण्याची कमान मात्र स्वतंत्र लेयरवर ठेवावी, कारण विजेच्या किंवा फरशीच्या रेखाचित्रात ती झाकून टाकावी लागते.

३. मूळ आकृती

१००० चे ओपनिंग आणि २३० ची भिंत धरून एक दार काढावे. दोन्ही बाजूंना भिंत संपल्याची रेघ, त्यांच्या आत चौकटीचे दोन छेद, ९० अंशांत उघडा ठेवलेला ३५ मि.मी. जाडीचा पल्ला आणि चतुर्थांश वर्तुळाची कमान, एवढे पुरे आहे. खाच दाखवण्याचा मोह आवरावा : १:१०० च्या छपाईत १५ मि.मी. म्हणजे कागदावर ०.१५ मि.मी., रेघेच्या जाडीपेक्षाही कमी. तिथे शाईचा डाग तेवढा दिसतो.

बेस पॉइंट बिजागरीच्या बाजूच्या कोपऱ्यात, पल्ला ज्या बाजूला उघडतो त्या भिंतीच्या पृष्ठभागावर घ्यावा. काही जण तो ओपनिंगच्या मधोमध घेतात. पण दार बहुधा आडव्या भिंतीपासून ११५ मि.मी. सोडून बसवायचे असते, आणि ते अंतर कोपऱ्यापासून मोजणे सोपे जाते.

साध्या ऑटोकॅडमधला ब्लॉक भिंत कापत नाही. त्यावर उपाय म्हणून ब्लॉकमध्ये ‘वाइपआउट’ ठेवून भिंतीच्या रेघा झाकण्याची पद्धत रूढ आहे आणि ती मला मान्य नाही. झाकलेली भिंत खरी तुटलेली नसते, त्यामुळे हॅच (भिंतीच्या छेदातली भरणी) आणि क्षेत्रफळ दोन्ही चुकतात. भिंत संपल्याच्या ज्या दोन रेघा आपण ब्लॉकमध्ये ठेवल्या, त्यांनाच कापण्याची कड धरून ‘ट्रिम’ करता येते. प्रत्येक दारामागे दोन क्लिक जास्त पडतात, एवढेच.

४. रुंदी : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

‘बीएडिट’ कमांडने ब्लॉक एडिटर उघडावा. ओपनिंगच्या दोन टोकांवर, बिजागरीकडून सुरू करून, लिनिअर पॅरामीटर (बदलता येणारे सरळ अंतर) ठेवावे. त्याचे आपोआप आलेले ‘डिस्टन्स१’ हे नाव लगेच बदलून ‘ओपनिंग रुंदी’ करावे, कारण पुढे शेड्यूल काढताना हेच नाव स्तंभाचे शीर्षक म्हणून येते. व्हॅल्यू सेटमध्ये ‘लिस्ट’ निवडून कार्यालयात खरोखर वापरली जाणारी मापे तेवढीच भरावीत : ७५०, ८००, ९००, १०००, १०५०, १२००. मोकळे सोडले तर कोणीतरी ओढता ओढता ९३७ चे दार करून ठेवते.

आता ॲक्शन, म्हणजे पॅरामीटर बदलले की कोणत्या रेघा कशा हलतील ते. दूरच्या चौकटीला ‘स्ट्रेच’ लावणे सोपे आहे : तिला आणि तिच्या बाजूच्या भिंतीच्या रेघेला चौकोनात घ्यावे, काम झाले. अडचण पल्ला आणि कमानीशी येते, आणि बहुतेक नवखे इथे दोघांनाही ‘स्केल’ लावून मोकळे होतात. तसे केल्यास काय होते ते आकड्यांत पाहावे. ओपनिंग १००० वरून ७५० केले की स्केलचे गुणोत्तर ०.७५ येते, ९०० चा पल्ला ६७५ होतो, प्रत्यक्षात तो ६५० हवा, कारण चौकटीची जाडी रुंदीबरोबर लहान होत नाही. शिवाय ३५ ची जाडीही २६ च्या आसपास येते. पल्ला २५ मि.मी.ने चौकटीत घुसतो, आणि पडद्यावर झूम केल्याशिवाय ते कळत नाही.

म्हणून पल्ल्याला ‘स्ट्रेच’च लावावा, त्याचे मोकळे टोक चौकोनात घ्यावे आणि त्या ॲक्शनच्या गुणधर्मांत ‘अँगल ऑफसेट’ ९० करावा. ओपनिंग जितके आडवे घटते तितकाच पल्ला उभा घटतो, आणि जाडी जशीच्या तशी राहते.

कमान स्ट्रेचने नीट राहत नाही. तिला स्केलच लागतो, पण तो पल्ल्याच्या मापावरून मिळालेला. त्यासाठी बिजागरीपासून पल्ल्याच्या बंद टोकापर्यंत दुसरे लिनिअर पॅरामीटर ठेवावे, त्याला ‘पल्ला’ असे नाव द्यावे आणि त्याच्या ग्रिपची (ओढायच्या खुणांची) संख्या शून्य करावी, म्हणजे वापरणाऱ्याला ते दिसणार नाही. त्याच्या गुणधर्मांत ‘चेन ॲक्शन्स’ला ‘येस’ करावे. मग आधीच्या स्ट्रेच ॲक्शनमध्ये दूरच्या चौकटीबरोबर या पॅरामीटरचे टोकही समाविष्ट करावे, आणि कमानीचा स्केल ओपनिंगऐवजी या दुसऱ्या पॅरामीटरला जोडून त्याचा आधारबिंदू स्वतंत्रपणे बिजागरीवर ठेवावा. आता ७५० निवडले की ‘पल्ला’ ९०० वरून ६५० होतो आणि कमान त्याच गुणोत्तराने आखडते.

दुपाखी दारात आणि दोन ट्रॅकच्या सरकत्या खिडकीत मधला सांधा ओपनिंगच्या निम्म्याने हलला पाहिजे. त्यासाठी वेगळे पॅरामीटर लागत नाही. त्या भागाच्या ॲक्शनचा ‘डिस्टन्स मल्टिप्लायर’ ०.५ करावा.

५. डावे-उजवे, आत-बाहेर

दोन फ्लिप पॅरामीटर (आकृती आरशातल्यासारखी उलटवणारी) लागतात. डाव्या-उजव्या फ्लिपची परावर्तन रेषा ओपनिंगच्या बरोबर मधून जाते. पण १००० चा मध्य ५०० वर असतो आणि ७५० चा ३७५ वर, त्यामुळे ती रेषा जागची हलली नाही तर ७५० चे दार उलटवताच ते ओपनिंग सोडून २५० मि.मी. बाजूला जाऊन बसते. ही खोड इतकी सर्रास दिसते की लोक फ्लिपच काढून टाकतात आणि डाव्या-उजव्याचे दोन ब्लॉक करतात. उपाय साधा आहे : फ्लिप पॅरामीटरलाच ‘मूव्ह’ ॲक्शन लावून ते ओपनिंग रुंदीला जोडावे आणि मल्टिप्लायर ०.५ ठेवावा. आत-बाहेरच्या फ्लिपची रेषा भिंतीच्या मध्यावर असल्याने तिला भिंतीच्या जाडीच्या पॅरामीटरशी (पुढची पायरी) तसेच जोडावे.

फ्लिप ॲक्शनसाठी निवड करताना रेघांबरोबर बाकीची पॅरामीटरेही घ्यावीत, नाहीतर दार उलटते आणि ग्रिप जुन्या जागी राहतात. ‘मिरर’ कमांडने दार उलटवण्याची सवय मात्र मोडावी. त्याने ब्लॉकचा स्केल ऋण होतो आणि नंतर ग्रिप ओढताना दिशा उलटसुलट होतात.

६. भिंतीची जाडी

भिंतीच्या जाडीसाठीही रुंदीसारखेच यादी असलेले लिनिअर पॅरामीटर ठेवावे. त्यात ११५ आणि २३० या विटांच्या भिंती तर हव्यातच. त्याखेरीज एएसी ब्लॉकच्या (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) कामांसाठी १५० आणि २०० ही मापे यादीत घालावीत. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांतल्या राखेमुळे फ्लाय ॲशच्या विटा आपल्याकडे सहज मिळतात. भिंत त्यांची असेल तर पुरवठादाराच्या विटेचे माप पाहूनच यादी पक्की करावी. जाडी बदलली तरी चौकटीचा छेद १०० चाच राहिला पाहिजे. तो भिंतीबरोबर ताणला गेला तर तुम्ही २३० मि.मी.ची सागवानी चौकट काढलेली असते, आणि सागवानाचा भाव माहीत असलेला सुतार ती पाहून हसेल.

७. खिडकी वेगळी ठेवा, आणि कूलर विसरू नका

व्हिजिबिलिटी स्टेटमुळे, म्हणजे कोणत्या रेघा दिसतील आणि कोणत्या झाकल्या जातील ते ठरवणाऱ्या पर्यायांमुळे, एकाच ब्लॉकमध्ये अनेक प्रकार ठेवता येतात, आणि म्हणूनच दार, खिडकी, व्हेंटिलेटर सगळे एकात कोंबण्याचा मोह होतो. तसे करू नये. प्रत्येक स्टेटमध्ये काय दिसेल आणि काय झाकले जाईल हे सांभाळता सांभाळता असा ब्लॉक कोणालाही दुरुस्त करता येईनासा होतो. दार, खिडकी आणि व्हेंटिलेटर असे तीन ब्लॉक पुरेत.

खिडकीच्या ब्लॉकमध्ये पाखांची खिडकी, दोन ट्रॅकची सरकती, तीन ट्रॅकची सरकती (तिसरा ट्रॅक डासांच्या जाळीचा) आणि स्थिर काचेची अशा स्टेट असाव्यात. नागपुरासाठी मी यात आणखी एक घालेन : कूलरची खिडकी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या शहरात बहुतेक घरांना कूलर बसणारच असतो. प्लॅनमध्ये त्याची जागा नसली तर गृहप्रवेशानंतर ग्रिल कापून तो बसवला जातो. या स्टेटमध्ये भिंतीबाहेर कूलरची तुटक रेघेची चौकट आणि खिडकीत त्याच्या तोंडाची जागा दाखवावी. माप अंदाजाने न घेता बाजारात मिळणाऱ्या, ग्राहक घेणार असलेल्या कूलरचे मोजून घ्यावे. तुटक चौकट प्लॅनवर दिसली की प्लंबरला नळाची आणि इलेक्ट्रिशियनला प्लगची जागा आपसूक सुचते. शिवाय कूलर बाहेरची हवा सतत आत ढकलतो, म्हणून ती बाहेर जायला समोरच्या बाजूला खिडकी किंवा व्हेंटिलेटर उघडा लागतो. नाहीतर खोली दमट होते. ब्लॉक बसवताना हेही पाहून घ्यावे.

दाराच्या स्टेट चारच : एकपाखी, दुपाखी, सरकते आणि नुसते ओपनिंग.

८. शेड्यूल आपोआप निघावे असे ॲट्रिब्यूट

ॲट्रिब्यूट म्हणजे ब्लॉकला जोडलेले माहितीचे रकाने. ‘ॲटडेफ’ कमांडने क्रमांक (डी१, डब्ल्यू२, व्ही१), उंची, सिलची पातळी, चौकटीचे साहित्य आणि पल्ल्याचे साहित्य असे रकाने घालावेत. रुंदीचा रकाना हाताने भरायला ठेवू नये. त्याच्या डिफॉल्ट जागी फील्ड (आपोआप बदलणारा मजकूर) घालावे, ऑब्जेक्ट गटातले ‘ब्लॉकप्लेसहोल्डर’ निवडावे आणि त्यातून ‘ओपनिंग रुंदी’ हे आपले पॅरामीटर घ्यावे. मग दार ९०० चे केले की रकानाही ९०० दाखवतो; बदल लगेच दिसला नाही तर ‘रीजेन’ द्यावे. क्रमांकाची अक्षरे फ्लिपच्या निवडीत घेऊ नयेत. त्यांना स्वतंत्र पॉइंट पॅरामीटर आणि मूव्ह ॲक्शन द्यावी, म्हणजे गर्दीच्या ठिकाणी क्रमांक बाजूला ओढता येतो.

शेड्यूल ‘डेटा एक्स्ट्रॅक्शन’ कमांडने तक्त्याच्या रूपात किंवा एक्सेलमध्ये निघते. ही कमांड ऑटोकॅडच्या एलटी या मर्यादित आवृत्तीत नाही, हे आवृत्ती विकत घेण्यापूर्वी कार्यालयप्रमुखांच्या कानावर घालावे. तक्त्यात रुंदी आणि उंची असली की वायुवीजनाचा हिशेबही तिथेच होतो. राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण व कोरड्या हवामानासाठी उघडणाऱ्या भागाचे प्रमाण खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश धरले आहे : ३.० × ३.६ मीटरच्या खोलीला १.०८ चौ. मी. लागते, म्हणजे ९०० × १२०० ची खिडकी जेमतेम पुरते. मंजुरीच्या नकाशासाठी मात्र यूडीसीपीआरमधील (राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतील) तरतूद पाहूनच आकडा लिहावा.

९. चाचणी

‘टेस्ट ब्लॉक’ची खिडकी उघडून निदान एवढे करून पाहावे : सगळ्यात अरुंद दार सगळ्यात बारीक भिंतीत, तेच दोन्ही फ्लिप उलटवून, तेच ९० आणि ४५ अंशांत फिरवून, मग प्रत्येक स्टेट. प्रत्येक वेळी पल्ल्याची लांबी अंतर मोजून पाहावी, नजरेवर जाऊ नये. शेवटी १:५० आणि १:१०० मध्ये खऱ्या कागदावर छापावे. ६५ ची चौकट १:१०० ला ०.६५ मि.मी. होते, तिच्या दोन्ही रेघा जाड ठेवल्या तर मधली पांढरी जागा उरत नाही.

१०. सर्वांच्या हाती देणे

तीनही ब्लॉक सर्व्हरवरच्या एकाच फाइलमध्ये ठेवावेत आणि कंट्रोल + ३ ने उघडणाऱ्या टूल पॅलेटवर ओढून घ्यावेत. पॅलेटवरचे चित्र मूळ फाइलशी जोडलेले असते, त्यामुळे फाइलची जागा बदलली की ते निकामी होते. मूळ ब्लॉक सुधारला म्हणून जुन्या प्रकल्पांतले दरवाजे आपोआप बदलत नाहीत. पॅलेटवर उजवी क्लिक करून ‘रीडिफाइन’ द्यावे लागते आणि ॲट्रिब्यूट वाढवले असतील तर त्यानंतर ‘ॲटसिंक’. चालू असलेल्या, साइटवर छापील प्रत गेलेल्या कामात मी रीडिफाइन करत नाही. नवा ब्लॉक नव्या कामापासून वापरावा.

माप बदललेला डायनॅमिक ब्लॉक फाइलच्या आत तारांकन आणि यू अक्षराने सुरू होणारे निनावी नाव घेतो. ऑटोकॅडमध्ये ते जाणवत नाही, पण स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे दुसरे सॉफ्टवेअर असेल तर त्यांना ‘दार’ हे नाव दिसतच नाही. ऑनलाइन मंजुरीसाठी नकाशा देतानाही लेयरांची नावे आणि बंद पॉलीलाइन ठरवून दिलेल्या पद्धतीनेच लागतात. म्हणून मंजुरीची प्रत वेगळ्या नावाने साठवावी, तिच्यातले ब्लॉक एक्स्प्लोड करावेत आणि प्रत्येक ओपनिंग त्या यंत्रणेच्या सूचनांप्रमाणे योग्य लेयरवर आणावे. याच कारणासाठी ब्लॉकच्या गुणधर्मांतले ‘अलाऊ एक्स्प्लोडिंग’ मी चालूच ठेवतो, जरी अनेक जण ते बंद करायला सांगतात.

११. ऑटोकॅड नसेल तर

लिब्रेकॅड मोफत आहे, पण त्यात डायनॅमिक ब्लॉक नाहीत. प्रत्येक मापाचा वेगळा ब्लॉक करावा लागेल, आणि तेव्हा नावात ‘ओपनिंग’ हा शब्द आकड्यासोबत लिहावाच. फ्रीकॅडही मोफत आहे आणि २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून बीआयएमचे (इमारतीचे माहितीसह त्रिमितीय प्रारूप करण्याचे) कार्यपीठ त्यातच सामावले आहे. त्यात तयार नमुन्यातून दार किंवा खिडकी निवडून भिंतीवर ठेवली की भिंत आपोआप कापली जाते, आणि रुंदी, उंची व चौकटीची जाडी गुणधर्मांत आकडे बदलून ठरवता येते. मात्र तिथे सुरुवातीपासून त्रिमितीत काम करावे लागते, आणि पहिल्या पायरीतला प्रश्न तिथेही तसाच राहतो : रुंदीच्या रकान्यात ९०० लिहिण्यापूर्वी ते माप चौकटीच्या बाहेरचे आहे की पल्ल्याचे, हे त्या नमुन्यात मोजून पाहावे.